लोणी लोखंडात ठेवू नये

आई म्हणायची, लोणी लोखंडात ठेवू नये.
मेंढीच्या धुतलेल्या कोथळ्यात भरावं, तोंड शिवावं,
तंबूच्या सावलीच्या बाजूला टांगावं.
एका हिवाळ्यात मी घाईघाईत
ते कढईतच राहू दिलं.
बर्फ वितळल्यावर झाकण काढलं
तर तो वास, जुना, घशाला चावणारा.
"लोखंड शिवलं त्याला," एवढंच म्हणाली
आणि अंधार पडेपर्यंत कढई घासत बसली.

आता उलानबातरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री अकरा वाजता
मी त्याच खवटपणाची वाट पाहते.
काचेच्या ताटलीत गाठीच्या पेशी आहेत.
पेशीची भिंत चरबीचीच असते,
आणि प्रत्येक भिंतीपाशी एक राखणदार
रात्रंदिवस खवट झालेलं निपटत असतो.
आम्ही त्याची रसद तोडतो.
मग आतलं लोखंड चरबीला शिवतं,
पेशी फुगते,
कडा विरघळतात,
आणि जिथे काहीतरी होतं
तिथे नुसता डाग.

गाठ लोखंडाची हावरी.
मिळेल तेवढं ओढते, दडवून ठेवते.
तिच्या घरातलाच निखारा
तिच्या छपरावर टाकायचा, एवढीच आमची युक्ती.
कागदावर ती फार सोपी दिसते.

बाबांचं नाव तोमोर-ओचिर. तोमोर म्हणजे लोखंड.
दारखानच्या कारखान्यात ते मालडबे जोडायचे,
घरी येताना त्यांच्या बाह्यांना
जळक्या पत्र्याचा वास यायचा.
लहानपणी शाळेच्या पटांगणात
रांगेतल्या सगळ्या पोरांना
एकाच सुईनं टोचलं होतं.
ती सुई चाळीस वर्षांनी त्यांच्यापर्यंत पोचली.
डोळे पिवळे झाले, मग नखं,
पोटात पाणी.
ते म्हणाले, "एवढं लोखंड उचललं जन्मभर,
आता चमचा उचलवत नाही."
तेव्हा मी अकरावीत होते.
औषधाचं नाव लिहिलेला कागद
आईनं घडी घालून चहाच्या डब्यात ठेवला.
तो अजून तिथेच आहे.

आमच्याकडे सख्ख्यांना एकाच एलेगचे म्हणतात.
एलेग म्हणजे यकृत. काळीजही तेच.

दुलमजाव मेंढपाळ आहे, अरखांगाईची,
वय एकसष्ट. सुईनं काढलेला तिचा बारीकसा तुकडा
माझ्या सहाव्या ताटलीत आहे.
परवा ती वॉर्डातून जिना चढून आली,
कठड्याला धरून, दर पायरीला थांबत.
"माझा तुकडा काय करतोय?"
मी म्हटलं, "मरतोय."
ती हसली. पुढचे दोन दात नाहीत.
"चांगलं आहे," म्हणाली. "आणि मी?"

खिडकीबाहेर कोळशाचा धूर होता.
मी तिला खोटं सांगितलं नाही, खरंही नाही.
ताटलीत जे होतं ते माणसात होईलच असं नाही,
हे सांगायला शब्द शोधत राहिले.
सातव्या ताटलीबद्दल बोललेच नाही.
तिथे निरोगी पेशी होत्या,
आणि चौथ्या मात्रेला
त्याही फुगल्या होत्या.
कमी मात्रेत गाठ तगते, जास्तीत सगळंच जातं.
मधली ती अरुंद फट
मी दोन वर्षं चिमट्यानं शोधते आहे.

जाताना तिनं झग्यातून एक गाठोडं काढलं.
मेंढीचा कोथळा, तोंड शिवलेला,
शिवण वाकडी, घट्ट.
"थंड जागी ठेव," म्हणाली,
"आणि हो, भांड्यात नको..."
"माहीत आहे," मी म्हटलं.

ते आता नमुन्यांच्या फ्रिजमध्ये आहे,
नियमाविरुद्ध, खालच्या कप्प्यात,
तिच्या नावाची चिठ्ठी लावून.
साडेपाच वाजता मोजणी संपली.
शंभरातल्या एकसष्ट मेल्या, एकोणचाळीस अजून चिकटून.
मी दोरा उसवला, पावाला लोणी लावलं.
गोड होतं.
तिच्या वॉर्डात दिवे लागायला अजून अर्धा तास होता.