तोणकी, एकास पंचवीस

जून-जुलै बंदी.
बोटी वर ओढलेल्या, ताडपत्रीखाली,
पाने तेल पुसून पिंपात ठेवलेले.
वेंगुर्ल्याच्या बंदरात एकसष्ट दिवस
मला कुणी हाक मारणार नाही.

तेव्हा नवव्या वर्षी मी खोका उघडला.

बस्त्यावने आणलेला, बोटीवरून उतरताना, गॅल्व्हेस्टनहून.
तिथल्या गोदीबाहेर त्याने ही गाडी खरी पाहिली होती.
एक म्हातारा उभ्या जागी नुसती रेझ करत होता.
"पोटात धडधडला रे, पायाखालची जेटी हालली."
नंतर एका गिअरबॉक्सवरून आमचं फाटलं
आणि खोका माळ्यावर गेला, जाळ्यांच्या बोयांमागे.

झाकणावरचं नाव लेकीने मोबाइलवर शोधलं.
बाराकुडा.
"बाबा, ही तर तोणकी!"
खरंच. तीच लांब जिवणी, तोच पुढे आलेला जबडा.
लिलावात तिला सुरमईच्या अर्धाही भाव नाही,
आणि त्यांनी आपल्या एवढ्या मस्तवाल गाडीला तिचं नाव दिलं.
आम्ही बोटींना देवांची नावं देतो.
बुडायची भीती असली की तसंच होतं.

एकशे चौदा तुकडे,
काट्याला मांस धरून असावं तसे सांगाड्याला धरून.
ओढायचे नाहीत, कापायचे.
माझी बोटं सहा सिलिंडरच्या डिझेलवर जाड झालेली,
त्यांना डिस्ट्रिब्युटर मिळाला तुरीच्या डाळीएवढा.
पहिल्या आठवड्यात तो तीनदा हरवला.
एकदा पायाच्या तळव्याला चिकटलेला सापडला.

डिझेलला प्लग नसतात. हिला आठ.
खोक्यात तारा नव्हत्या.
मी तंगुसाचे आठ तुकडे केले, काळे रंगवले,
लेक वाचत गेली, मी जोडत गेलो:
एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन.
"बॉनेट बंद केल्यावर कोणाक दिसतला?"
कोणाकच नाय, म्हटलं.
(बस्त्यावने आधी बॉनेटच उघडलं असतं.)

बोटीचा रंग लावून पाहिला आधी, टाकाऊ तुकड्यावर.
प्लॅस्टिक विरघळलं, मेणासारखं बसलं खाली.
मग कुडाळहून डबा आणला,
पिकल्या रतांब्याच्या सालीचा रंग.
जुलैच्या दमट हवेत तो रात्रीत पांढुरका झाला,
मीठ फुटल्यागत.
घासला. पुन्हा मारला. पुन्हा पांढुरका.
तिसऱ्या वेळी टप चुलीपासून हातभर लांब टांगला,
सुक्या सुंगटांच्या टोपलीशेजारी.
चकाकला.
अजून नाक जवळ नेलं तर वास येतो.

इथे काय गंजत नाही?
दाराच्या बिजागऱ्या, नांगर, देवळाची घंटा टांगायची साखळी,
माझ्या बापाची सायकल चार वर्षांत भुगा झाली.
खरी तोणकी इथे आणली असती
तर दुसऱ्या पावसाळ्यात तिच्या पोटातून रस्ता दिसला असता.
ही मात्र टिकणार.
लोखंड नसलेली गाडी. चालत नसलेली.
मेकॅनिकने याचा अभिमान बाळगावा की नाही
ते मला ठरवता आलं नाही.

"स्टेअरिंग चुकीच्या बाजूक असा."
बरोबर बाजूला घ्यायला एक दुपार पुरली असती,
ब्लेड होतं, पुट्टी होती.
पण आमच्या गल्लीत ती तशीही शिरली नसती.
माडाच्या दोन बुंध्यांत अडकली असती
कुकारत, रागावत.
राहू दिलं डावीकडेच.

आज एकतीस.
उद्या पहाटे सातेरी प्रसादचा पंप बघायचा आहे.
दाभोसवाड्यातून जायचं,
बस्त्यावच्या फाटकावरून,
की मागच्या वाटेने, नेहमीसारखं?

गाडी टीव्हीवर ठेवली आहे, चाकांचा गोंद ओला आहे.
एकशे तेरा लागले.
दारावरचा आरसा काडेपेटीत आहे,
मागचं दिसायचा.
चिमट्यात धरतो आणि निसटतो.
बघू.