गिंडाच्या वरचं वळण

मस्सावाहून चढताना
गिंडाच्या वर, तिसऱ्या वळणाला
फियाट बसली. नेहमीसारखी.

प्लग काढले, पुसले, फुंकले.
पॉइंटवर सँडपेपर फिरवला.
ठिणगी पडत होती की, निळी, टचटचीत!
मेहुणा म्हणाला, भंगारात घाल, हब्ते.

मागच्या सीटवरून लेतेब्रहान उतरली.
खांद्यावरची पांढरी नेत्सेला
कॅनमधल्या पाण्यात बुडवून
तिने फ्युएल पंपाला गुंडाळली,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तशी.
चर्र झालं.
"तिची वाफ निवू दे," म्हणाली, "तुझीही."

आम्ही दगडावर बसलो.
माकडं आमच्याकडे बघत बसली.

दुसऱ्या सेल्फला इंजिन बोललं.

रविवारी चर्चमध्ये
शेजारी तीच नेत्सेला, धुतलेली.
सगळ्यांना धुपाचा वास.
मला पेट्रोलचा.