पान तीनशे बारा

मेरिडियनच्या लॉन्ड्रीत, ड्रायर गरगरत असताना
व्हर्लीन टब्स पोचली पान तीनशे बारावर.
तरणा वकील टेबलावर मूठ आपटतो,
साक्षीदार ढसाढसा रडत सगळं ओकून टाकतो.

व्हर्लीनला हसू आलं.
एकतीस वर्षं कोर्टात तिनं शब्द न् शब्द टिपला;
असं कुणीच फुटलं नाही.
माणसं पाणी मागायची.
आठवत नाही, म्हणायची.
एका आईनं तर नुसती मान हलवली,
तेव्हा न्यायाधीश म्हणाले,
तोंडानं सांगा बाई, नोंद व्हायला हवी.
व्हर्लीननं नोंद केली: ‘हो.’
एकच अक्षर.
पोरगा आत गेला.

ड्रायर केव्हाच थांबलेला,
चादरी गार.
खोटारडं मेलं पुस्तक, ती पुटपुटली
आणि पान उलटलं:
ह्या पोराला सोडतात का, बघू तरी.