टेलचं पाणी

रात्री दोनचा डोस.
अश्रुबामामांच्या मनगटावरचा कॅनुला मी आधी सलाईनने धुऊन घेते,
मग सिरिंजचा दांडा हळू दाबते.
पाच मिनिटं. घाई केली की हात पेटतो,
असं ते काल म्हणाले.

कौसाबाई खाली सतरंजीवर जाग्याच.
"सिस्टर, दुखणं छातीत अन् सुई हातात.
औषिद तिथवर जातंय कसं?"

विष्णुपुरीच्या या वॉर्डात असं कुणी विचारत नाही.
मी त्यांना माझ्या बापाचं सांगते.
बाप पाटकरी होता, सिद्धेश्वरच्या कॅनॉलवर.
कमरेला गेटच्या चाव्या, काखेत टॉर्च.
धरणातून पाणी सुटलं की आधी कालवा,
मग चारी, मग शेतचारी, मग सरी.
नकाशावर सगळ्यांना पाणी.
टेलचा माणूस मात्र रात्रभर बांधावर बसायचा
आणि पाण्याच्या आधी त्याला
भिजल्या मातीचा वास यायचा.

हे हातातून दंडात जातं, दंडातून काखेत,
तिथून हृदयाच्या उजव्या कप्प्यात.
आणि हृदय त्याला पहिल्यांदा कुठं धाडतं, माहितीय?
फुफ्फुसातच.
"मंग तर जवळच की," कौसाबाई म्हणतात.

जवळच. पण शिवेवर येणं वेगळं, घरात येणं वेगळं.
रक्तात प्रथिनं असतात,
मोंढ्यात भेटणाऱ्या सोयऱ्यांसारखी,
औषधाचा हात धरून ठेवतात, चहा घे म्हणतात.
जेवढं सुटून निघतं तेवढंच
केसाहून बारीक नळीच्या भिंतीतून पाझरतं.
कांद्याचा पापुद्रा जाड वाटावा अशी ती भिंत,
आणि पलीकडे हवेचे फुगे,
सध्या हवेऐवजी चिकट पाण्याने भरलेले.

सकाळच्या गोळीतलं औषध मात्र दुसऱ्या वाटेनंही जातं.
पांढऱ्या पेशी ते पोटात भरून घेतात
आणि जिथं भांडण पेटलंय तिथं नेऊन सोडतात.
हे सांगताना दरवेळी मलाच बरं वाटतं.

आठ तासांनी पातळी उतरते. पाळी चुकली
की अर्धमेले जंतू उठून बसतात.
म्हणून दोनला मी, दहाला शिंदीकर सिस्टर,
संध्याकाळी सहाला जी असेल ती.

मामा तेवीस वर्षं वसमतला, हळदीच्या पॉलिशवर.
ड्रम फिरतो, हळकुंडं घासतात,
धूळ पापण्यांवर, घामात, भाकरीवर.
लोक म्हणतात हळद औषधी.
मामा हसतात, हसले की खोकतात:
"मंग म्या तर पोत्यानं औषिद खाल्लंय, माय."

पाचव्या दिवशीही ताप एकशे दोन.
सोनोग्राफीत दिसलं:
फुफ्फुसाच्या बाहेर, बरगडीला लागून, एक डबकं.
पू. भोवती जाड साय.
तिथं एकही चारी जात नाही.
रक्तच नाही तर रक्तातलं औषध कुठून?
पाच दिवस आम्ही कालवा सोडून बसलो होतो
आणि हे शेत लाभक्षेत्राबाहेरचं निघालं.

नाहिद मॅडमनी दोन बरगड्यांमधून नळी घातली.
बाटलीत आधी थेंब, मग धार.
कौसाबाई कितीतरी वेळ बाटलीकडे बघत राहिल्या.
"हळदच हाय का ही?"
नाही, म्हणाले मी.
मग मीही पुन्हा एकदा बघितलं.

आज परत दोन वाजलेत.
मामांच्या कपाळाला हात लावला, ओला, गार.
सतरंजीवर कौसाबाई घोरतायत,
सहा रात्रींत पहिल्यांदा.
मी दांडा दाबते.
पाच मिनिटं पुरतात,
आज मी सात घेते.