वाघीण

मुखपृष्ठावर वाघीण छापलीय त्यांनी,
पिवळीधमक, जबडा उघडा.
पणजीला अठरा जून रस्त्यावरच्या दुकानात
दोनच उरल्या होत्या काचेमागे.
पोरगा म्हणाला, अंकल, परवा शंभर आलेल्या.

कुडचड्याच्या यार्डात, मायनिंग बंद पडल्यापासून
जी उभी असायची रिकामी,
दाराची कडी वाऱ्यावर वाजवत,
ती वाघीण.
हर्कुलानने तिच्यावर गाणं केलं.
चित्र काढणाऱ्याला मालगाडी कुठून ठाऊक असणार.

गुणो वेळीपच्या बापाचा ट्रक तेव्हा ताडपत्रीखाली,
चारी टायर बसलेले.
त्याच शेडमध्ये वाजवायची ही पोरं.
ड्रमवर काठी पडली की लाल धूळ उडायची.
सिदोनियच्या आईने तीनदा पाद्रीकडे तक्रार नेली,
चौथ्यांदा पेज पाठवली.

अँप्लिफायर माझ्याकडे यायचा स्कूटरवरून,
गोधडीत गुंडाळून, तापलेलं पोर आणावं तसा.
त्याचा ट्रान्सफॉर्मर मी हाताने भरला,
तियात्रवाल्यांच्या जळक्या मशीनची तार सोडवून.
सगळं झालं, अर्थिंग तेवढं राहिलं.
उद्या बघतो, म्हणालो.
उद्या ते पहाटेच्या गाडीने रेकॉर्डिंगला गेले.

चौथ्या गाण्यात, गिटार थांबते ना, तिथे
घूंऽऽऽ
दुकानात उभ्या उभ्या कान तापले माझे.
आणि पेपरात काय लिहिलंय:
दक्षिण गोव्याच्या मातीचा हुंकार!
बाबा रे,
मातीत जाणारी तारच तर सुटली होती.

गेल्या रविवारी आले तिघे, मोठी गाडी घेऊन.
हर्कुलानचे केस खांद्यावर, पायात मात्र तीच शिवलेली वहाण.
नवा अँप्लिफायर टेबलावर ठेवला, परदेशी,
आवाज असा की विहिरीचा तळ दिसावा.
म्हणाला, मेस्त, ह्यात तो घूं घाल.
लोक मागतात.

गुणो बाहेर जाऊन रुळांकडे बघत राहिला.
मी झाकण उघडलं.
हिरवी-पिवळी तार, काय सुबक जोडलेली,
कुणीतरी कुठल्यातरी देशात
उद्यावर न टाकता.
पक्कड लावली तिला,
आणि थांबलो.

वहीत अजून सहाशे चाळीस आहेत त्यांच्या नावावर.
आधी ते ठेवा, म्हटलं.