टिटवी अजून खळ्यात आहे

अठरा फूट लांब, सहा फूट रुंद,
आत निजायला दोन फळ्या, एक स्टोव्ह,
आणि उभं राहिलं की डोकं आपटेल असं छप्पर.
मे महिन्यात आठ जणांनी ओढून आणली,
झापांखाली झाकली.
तेव्हापासून टिटवी खळ्यात आहे,
पेंढ्याची उडवी रचायची त्या जागी.

बंदर कचेरीत मी एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या होड्या लिहिल्या.
कुठून. कुठे. माल काय. तांडेल कोण.
शाई ओली असायची
तोवर शीड टोकाआड.

आता वही माझी. पहिल्या पानावर:
विजयदुर्ग ते खारेपाटण, खाडीने.
दिवस पाच, किंवा सात.
माणसं दोन. मी, आणि जनू जोईल,
ज्याला पोहता येतं पण खोकला आहे.
माल: उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सुके बांगडे, सोलं,
रॉकेल, बॅटरी, मच्छरदाणी,
टोप.
जनू म्हणतो एक पुरे, मी म्हणतो दोन,
यावर अख्खा श्रावण गेला.

नारळीपौर्णिमेचा नारळ सोडून झाला.
मचवे गेले, ट्रॉलर गेले.
वाऱ्यावर चालणाऱ्यांना आश्विन लागतो.
तिथीची पाऊणपट करून मी भरती काढतो,
अष्टमीला सहा, दशमीला साडेसात,
दाढी करताना, चक्कीवर रांगेत.
भांगाचं पाणी नको, चिखलात रुतू.
उधाणाचं हवं, पाठीला हात लावून वर नेणारं.
कोजागिरी. सव्वाअकरा.

पुलाखाली डोलकाठी आडवी करायची,
आणि मग, जनू सांगतो,
पाचेक वळणं अशी
की कुठल्याच काठाला रस्ता येत नाही.
नुसतं चिपीचं रान, गुडघाभर पाण्यात.
चिखलावर पाणमांजरांच्या घसरगुंड्या,
एकच नांगी मोठी असलेला खेकडा
येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकतो.
रात्री वल्हं मारलं की पाणी उजळतं.
हे जनूच्या बापाने पाहिलं. जनूने नाही.
मी तर साठीपर्यंत
खाडी जेटीवरूनच पाहिली,
हातात शिक्का घेऊन.

झोप येत नाही त्या रात्री
झाप वर करून आत जातो.
फळीवर आडवा. एक हात सुकाणूला.
तळाच्या पाण्यात बेडूक आहे,
जूनपासूनचा भाडेकरू, भाडं म्हणून ओरडतो.
डोळे मिटले की जमीन थोडी हलते.
शपथेवर नाही सांगणार,
पण हलते.

आणि गेल्या मंगळवारी
शिडाला ऊन दाखवायला गेलो
तर गुंडाळीच्या मधोमध
आबिदाबींची तांबडी कोंबडी
अकरा अंड्यांवर.
हात घातला. चोच बसली. रक्त आलं.
कुंपणापलीकडून आबिदाबी म्हणाल्या,
"खुडूक आहे, उठवू नका हो.
एकवीस दिवसांचं तर काम."

जनू बोटं मोजतो.
वारा, तिथी, आणि आता कोंबडी.
वेळेत फुटली तर कोजागिरीच्या आदल्या दिवशी.
नाहीतर पुढचं उधाण अमावास्येचं,
म्हणजे ऐन दिवाळीत,
घरची माणसं काय म्हणतील!
जनू खोकतो, थांबतो,
मग हळूच म्हणतो, काळोखात
पाणी जास्त उजळतं.

मी वहीत वेळ खोडली.
रबराने, पेन्सिलच होती.

आता रोज दिवेलागणीला
मूठभर कण्या घेऊन टिटवीत चढतो.
ती एका डोळ्याने बघते,
पंख जरा फुगवते,
पण चोच मारत नाही.
वारा पडलेला असतो.
मी सुकाणूपाशी, ती शिडात,
दोघं बसून राहतो.