पिकलेला

आमच्याकडे मुलगा वीस वर्षांचा झाला तरी कच्चाच.
फणसासारखा: बाहेरून थोराड, टोचणारा,
आत नुसता चीक.
चीवर घालून एक वर्षावास काढला
की पिकला म्हणतात. मग त्याला मुलगी देतात.

मुलींचं असं काही नसतं.
आम्ही बहुधा पिकूनच जन्मतो,
किंवा कुणी कापून बघत नाही.

मी समुत साखोनला कोळंबी सोलते.
पहाटे तीनपासून, किलोवर पैसे.
खामपनच्या दीक्षेसाठी मुकादमाकडून
चाळीस हजार बात उचलले
आणि रात्रीच्या बसने गावी आले, यासोथोनला.

आईने कमळाच्या पानात त्याचे केस झेलले.
मग भुवया उतरवल्या.
खामपन आरशाकडे बघेना.
मी बघितलं.
तो माझा चेहरा होता,
टायफॉइडमध्ये केस गेले होते तेव्हाचा.
मावशीलाही दिसलं असावं. ती उगीच पानं पुसत राहिली.

दीक्षेआधी मुलाला नाग म्हणतात.
एका नागाला भिक्षू व्हायचं होतं. माणसाचं रूप घेऊन आला,
झोपेत उघडा पडला.
त्याला परत पाठवलं, नाव तेवढं ठेवून घेतलं.
त्या नागाचं मला बरं वाटतं.

सीमेच्या दगडांपलीकडे आमच्या देवळात बाया जात नाहीत.
खिडकीखाली उभी राहून ऐकलं.
मनुस्सोसि? माणूस आहेस?
आम, भन्ते.
पुरिसोसि? पुरुष आहेस?
आम, भन्ते.
म्हणजे हे दोन वेगळे प्रश्न.
पहिल्याला मीही ओठातल्या ओठात हो म्हटलं होतं.
अनणोसि? डोक्यावर कर्ज नाही ना?
आतला आवाज थोडा अडला.
आम, भन्ते.
खरंच होतं ते. कागदावर सही माझी होती.

मुलाच्या चीवराचा काठ धरून आई स्वर्गात जाते.
जिवंतपणी शिवायचं नाही,
मेल्यावर धरायचं.
माझा फॅक्टरीतला एप्रन रबराचा आहे.
धरला तर निसटेल.

नवव्या दिवशी चिकट भाताची टोपली घेऊन आई निघाली.
देवळाच्या तिसऱ्या पायरीवर शेवाळ होतं.
ती पडली, भात सांडला, कोंबड्या धावल्या.
खामपन समोरच होता.
त्याचा हात निघाला,
आईच्या दंडापासून वीतभर अंतरावर आला,
आणि थांबला.

मी खालून धावले. आठ पायऱ्या.
तेवढा वेळ तो हात हवेत तसाच,
कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखा.
आणि आई, पडल्या पडल्या, गुडघ्यातून रक्त येत असताना,
हसली.
बघ, म्हणाली, किती पिकलाय माझा मुलगा.

तीन महिन्यांनी त्याने चीवर उतरवलं. भुवया आल्या,
आधीपेक्षा दाट. पानुंगच्या बापाने होकार दिला.
आता लग्नात, मयतीत वडीलधारे त्याला जवळ बसवतात,
तो कमी बोलतो, त्याचं कौतुक होतं.
त्याचा पोरगा रडला की
हात पुढे करतो, आणि मग पानुंगला हाक मारतो.

परवा रात्रपाळीत फोन आला.
मागे बेडूक ओरडत होते. बराच वेळ फक्त बेडूक.
मग म्हणाला, ताई,
त्या दिवशी तू उचललंस तेव्हा
आई जड होती का गं?

मी कानाखांद्यात फोन धरून सोलत होते.
म्हटलं, भाताच्या टोपलीएवढी.
भरलेल्या?
नाही रे, म्हटलं.
सांडलेल्या.